खराब रिपोर्टाचे पेढे

चांगल्या रिपोर्टाचे पेढे मी नोकरीभर खाल्ले. मलेरिया निघाला नाही, पेढे. सुनेला दिवस गेले, पेढे. एका आजोबांची साखर ताळ्यावर आली म्हणून त्यांनी डबा आणला आणि मी नको नको म्हणेस्तोवर त्यातले दोन स्वतःच मटकावले. पण रिपोर्ट खराब आला म्हणून आनंदाने पेढे वाटणारा माणूस मला एकच भेटला. दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर तोच उभा राहिला, त्याला मी काय करू?

मी बालाघाटातल्या एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये काम केलं आणि तिथूनच निवृत्त झाले. गावात माझी ओळख म्हणजे रक्त काढणारी बाई. भाजी बाजारात मला बघून लेकरं आईच्या पदराआड जायची, आणि आयाही काही कमी नव्हत्या. जेवत नाही का, थांब, त्या बाईले बोलावतो, असं माझ्या तोंडासमोर सांगायच्या. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, आणि हात ओढून घेणाऱ्या पोराशी दोन्ही मिळून, असं माझं सगळं आयुष्य गेलं. लोकांना वाटतं लॅबवालीला रोग कळतो. रोग डॉक्टरला कळतो. मला काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब दिसतो आणि त्यात काय वेगळं आहे ते दिसतं, एवढंच. तरी लोक रिपोर्ट वाचायच्या आधी माझं तोंड वाचतात, म्हणून मी कायम एकसारखं आंबट तोंड ठेवायला शिकले. माझे मालक म्हणायचे, घरी आल्यावर तरी ते काढून ठेवत जा.

तर नागपुरे गुरुजी. लालबर्ऱ्याजवळच्या एका गावचे, शाळामास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. ते पहिल्यांदा आले तेव्हा अक्षरशः हळदीच्या नवरदेवासारखे पिवळे होते. तळहात पिवळे, नाकाचा शेंडा पिवळा, गळ्यात काविळीची मुळ्यांची माळ. सोबत बायको कौसल्याबाई, भयंकर चिडलेल्या. काविळीच्या पथ्यापायी घरातली हळद, तेल, फोडणी सगळं बंद झालं होतं आणि गुरुजींबरोबर त्यांनाही फिकं वरण गिळावं लागत होतं. मी गुरुजींना खिडकीकडे तोंड करायला लावलं आणि खालची पापणी ओढून बघितली. डोळा आपला पांढराशुभ्र. रक्त तपासलं, काविळीचा आकडाही अगदी ठीक.

"गुरुजी, खाता काय तुम्ही?"

यावर माणूस खुलला. कुठल्याशा व्याख्यानात त्यांनी ऐकलं होतं की शरीरात रोज विष तयार होतं, ते पेशींना गंजवतं, आणि त्यावर उपाय म्हणजे अँटिऑक्सिडंट. आणि अँटिऑक्सिडंट कशात, तर गाजरात. झालं. सकाळी गाजराचा रस, दुपारी कच्ची गाजरं, संध्याकाळी पपई, आणि वरून गाजराची कोशिंबीर. गुरुजींनी गाजराचा रंगच अंगात चढवून घेतला होता. कावीळबिवीळ काही नव्हती. हे ऐकल्यावर कौसल्याबाईंनी नवऱ्याच्या गळ्यातली माळ काढली, माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि "चला, आता फोडणी देतो," म्हणून चालू लागल्या. मी गुरुजींना जाताना सांगितलं की खऱ्या काविळीत डोळ्याचा पांढरा भाग पिवळा होतो, गाजराने होत नाही, एवढं ध्यानात ठेवा. मास्तर माणूस, त्यांनी ते ध्यानात तर ठेवलंच, शिवाय बसमध्ये शेजारी बसेल त्याला शिकवलं. गाव त्यांना गाजर गुरुजी म्हणायला लागलं. ते स्वतःच तो किस्सा रंगवून सांगत आणि सगळ्यात जास्त हसत.

व्याख्यानवाला खोटं बोलत नव्हता, हेही सांगायला पाहिजे. ज्या प्राणवायूवर आपण जगतो तोच लोखंडाला गंजवतो, तेल खवट करतो, चिरलेलं वांगं काळं पाडतो. शरीरातही हे काम चालूच असतं. धूर, दारू, तंबाखू, फवारणीचं औषध, कारखान्यातली धूळ, असलं काही आत गेलं की ते आणखी जोरात चालतं आणि पेशींच्या भिंती फाटायला लागतात. चिरलेल्या वांग्यावर लिंबू पिळलं तर ते तितकं काळं पडत नाही, कारण तो मार लिंबू स्वतःवर घेतं. अँटिऑक्सिडंट म्हणजे हेच, मार स्वतःवर घेणारा. आवळा, पेरू, पालेभाजी यांतून ते मिळतात, आणि बरेचसे शरीर स्वतः घरीच बनवतं. म्हणून साधं जेवणारा माणूस काही गंजून पडत नाही, आणि डबाभर महाग पावडर खाणारा काही अमर होत नाही. आमच्या लॅबच्या दारावर असल्या पावडरचं पोस्टर लावायला एक जण आला होता. त्याला मी म्हटलं, आधी तुमचं रक्त देऊन जा, बघू पावडरीने काय दिवे लावलेत. सुई बघून तो जिना उतरला तो पुन्हा फिरकला नाही.

या गोष्टीला काही वर्षं उलटली. थंडीचे दिवस होते. गुरुजींची एकुलती एक मुलगी वंदना, तिला तिरोडीला दिलेली, नवरा तिथल्या खाणीच्या ऑफिसात. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगा झाला. गुरुजी स्वतः येऊन बातमी सांगून गेले. बारशाचं बोलावणंही होतं, पण मला सुटी मिळाली नाही. पुढे कळलं की बारशाला बाळाने कुंची घातली होती. ही कुंची म्हणजे त्या घरातलं दैवत. जांभळ्या खणाची, काठाला जरीचा गोट, मागे पाठीवर रुळणारी झूल, टोकांना चांदीची बारीक घुंगरं. कौसल्याबाईंच्या आजीने भंडाऱ्याकडे शिवलेली. तिच्यात कौसल्याबाईंची आई, मग त्या स्वतः, मग वंदना अशा पिढ्या मिरवल्या होत्या. एरवी ती पत्र्याच्या पेटीत असायची, सोबत लेकराची दुपटी, दोन मऊ गोधड्या, आणि कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या. कौसल्याबाई दर वर्षी नवीन गोळ्या टाकायच्या आणि जुन्या तशाच ठेवायच्या. इतकी वर्षं कपडे राखले याचा त्यांना फार अभिमान होता, आणि असायलाच पाहिजे. त्या खणाला एक छिद्र नव्हतं.

बारशानंतर थोड्याच दिवसांनी, एका सकाळी दवाखान्यासमोर ऑटो थांबली. पुढे कौसल्याबाई, त्यांच्या छातीशी बाळ, कुंचीत आणि गोधडीत गुंडाळलेलं. मागे वंदना, आणि सगळ्यात मागे पिशवी घेऊन गुरुजी. गुरुजींच्या तोंडावर हसू होतं. त्यांनी मला दारातच गाठलं. बाई, काही नाही, पोरगं जरा पिवळं दिसते, पण ते गाजराचं हाये. वंदनाने गाजराचा हलवा लय खाल्ला, तो दुधातून उतरला. आजोबावर गेला, दुसरं काय!

मी बाळाकडे पाहिलं आणि माझं आंबट तोंडसुद्धा मला राखता आलं नसेल. पिवळं तर ते होतंच, पण ओठ पांढरेफटक होते.

"डोळे पाह्यले का गुरुजी?"

"पाह्यले असते बाई," ते म्हणाले. "पण ते डोळेच उघडत नाही नं. झोपूनच राह्यते."

म्हणता म्हणताच त्यांचं हसू गेलं. आपण काय बोललो ते त्यांना स्वतःलाच ऐकू आलं असावं. मग कौसल्याबाई म्हणाल्या की मी पाह्यले. सकाळी पुसायला घेतलं तेव्हा पापणी वर करून पाह्यली, आत हळदीसारखं पिवळं होतं. दुपटंही चहा सांडल्यासारखं झालं होतं. हे म्हणत होते गाजर, मी म्हटलं चुलीत घाला तुमचं गाजर, आणि ऑटो बोलावली.

आमच्या लहान मुलांच्या डॉक्टरबाई जबलपूरच्या. शांत, कमी बोलणाऱ्या, मला दीदी म्हणायच्या. त्यांनी बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवायला सांगितलं आणि मला टाचेतून रक्त काढायला सांगितलं. रक्त पातळ येत होतं, पाण्यात कुंकू कालवल्यासारखं. काचेवर पसरून मी सूक्ष्मदर्शकात पाहिलं तर लाल पेशींची पार दैना झालेली. कित्येकींचा कडेने लचका तोडलेला. वेगळा रंग घालून पाहिलं तर पेशींच्या आत काठाशी जांभळे ठिपके. मी डॉक्टरबाईंना हाक मारली. त्या बऱ्याच वेळ डोळा लावून बसल्या आणि म्हणाल्या की या पेशी आतून गंजून फुटतायत, बाळाच्या पोटात काहीतरी विषारी जातंय किंवा अंगाला लागतंय.

त्यांनी घरच्यांना एकेक विचारलं. कोणतं औषध दिलं? नाही. घुटी? नाही, डॉक्टरांनीच मनाई केली होती. आईने मलेरियाच्या गोळ्या घेतल्या? नाही. घरात फवारणीचं औषध? गुरुजींची शेती वाट्याने दिलेली, औषध घरी येतच नाही. बाळ आईच्या दुधावर. मग विष येतंय कुठून? आणि ते कळलं नाही तर नवीन रक्त देऊनही उपयोग काय, तेही फुटणार. इकडे रक्तपेढीतून रक्त मागवलं होतं. गुरुजी बाही वर करून माझ्यामागे लागले, बाई, माझं घ्या, पाहिजे तेवढं घ्या. मी त्यांना सांगितलं की तुमचं वय झालं, तुमचं कोणी घेणार नाही. ते जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले आणि डोक्याचा मफलर काढून हातात पिळत राहिले.

दुपारी मी पुन्हा टाच टोचायला गेले. बाळ दिव्याखाली उघडं होतं, डोळ्यांवर पट्टी. इतक्या वर्षांत हजारो लेकरांच्या टाचा मी नाकाशी धरल्या असतील, जवळून बघावंच लागतं. तान्ह्या बाळाला दुधाचा, तेलाचा, थोडा आंबूस असा एक वास असतो. या बाळाला तो नव्हता. परत आल्यावर मी हात धुता धुता सहज डॉक्टरबाईंना म्हटलं की अजब आहे, लेकराच्या अंगाला जुन्या पेटीचा वास येतोय.

डॉक्टरबाई लिहिता लिहिता थांबल्या.

"कैसी पेटी, दीदी?"

त्या उठल्याच आणि तडक बाहेरच्या बाकापाशी गेल्या. तिथे कौसल्याबाई बसल्या होत्या. दिव्याखाली ठेवताना नर्सने उतरवलेली कुंची त्यांनी घडी घालून छातीशी धरली होती. डॉक्टरबाईंनी नुसतं वाकून वास घेतला आणि विचारलं, अम्मा, ये कपड़े कहाँ रखते हो? कौसल्याबाईंनी सांगितलं. पेटीत. गोळ्या टाकून. लेकराले थंडी वाजू नये म्हणून रोज हेच घालतो, आणि झोपवतो पण त्याच गोधडीत. आंघोळीआधी तेल चोळून लगेच गुंडाळतो. बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक होत गेला. कुंची त्यांनी छातीपासून दूर धरली, मग बाकावर ठेवली, मग स्वतः बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकल्या.

डांबर गोळीची वाफ श्वासातून आणि कातडीतून आत जाते, तेल चोळलेल्या कातडीतून तर जास्तच. तरी घरोघरी या गोळ्या असतात आणि सगळीच लेकरं अशी आजारी पडत नाहीत. त्याचं कारण डॉक्टरबाईंनी नंतर समजावून सांगितलं. लाल पेशी जन्मभर प्राणवायू वाहून नेते, म्हणजे गंजायची भीती तिलाच सगळ्यात जास्त. तिच्यात एक पहारेकरी असतो, तिचा स्वतःचा अँटिऑक्सिडंट. तो मार खातो, थकतो, आणि त्याला पुन्हा उभं करायला एक मदतनीस लागतो. त्या मदतनिसाचं नाव जी-सिक्स-पीडी. काही माणसांत तो जन्मतःच कमी असतो. एरवी ती माणसं ठणठणीत असतात, शेती करतात, कुस्ती खेळतात. पण डांबर गोळीसारखं किंवा मलेरियाच्या एका गोळीसारखं काही आत गेलं की पहारेकरी पडतात ते पुन्हा उठत नाहीत आणि पेशी फुटतात. गुरुजींनी सगळं ऐकून विचारलं, मंग याले गाजराचा रस द्यावा का? त्या दिवसात डॉक्टरबाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, गुरुजी, इसको कुछ मत दीजिए. बस गोली से दूर रखिए.

आणि खरंच तेवढंच पुरलं. कुणा अनोळखी माणसाचं रक्त बाळाला चढलं, गोळ्यांचे कपडे दूर झाले, आणि पेशी फुटायच्या थांबल्या. एका सकाळी मी टाच धरली तर पोराने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि असा काही गळा काढला की वरच्या मजल्यावरचे पेशंट विचारायला आले. मला बघून रडणाऱ्या लेकरांचा मला कधी राग आला नाही, पण इतका आनंदही कधी झाला नव्हता. गुरुजी जिन्यातून धावत वर आले. त्यांना वाटलं काही वाईट झालं. मी सांगितलं, तुमचा नातू मला शिव्या देतोय.

इथे गोष्ट संपायला पाहिजे होती. पण पुढे तपासणीला आणलं की बाळ कायम वंदनाच्या मांडीवर, आणि कौसल्याबाई खोलीच्या दारात. वंदनाने मला रडवेली होऊन सांगितलं की आई बाळाला हातच लावत नाही. आंघोळ घालत नाही, तेल लावत नाही, ते रडलं तरी लांबून बघते. सारखे हात धुते. कुंची चुलीत टाकायला निघाली होती, वंदनाने ती ओढून लपवली. डॉक्टरबाईंनी त्यांना जवळ बसवून परोपरीने समजावलं. अम्मा, गोली कितने घरों में रहती है. गोळी आणि असं रक्त दोन्ही एकत्र आलं तेव्हाच हे झालं. आणि तुम्ही डोळे पाहिले नसते तर बाळ वाचलं नसतं. कौसल्याबाईंनी मान डोलावली. मग विचारलं की असं रक्त येते कुठून? डॉक्टरबाईंनी खरं ते सांगितलं. मुलग्याला ते आईकडून येतं, आणि आईला तिच्या वडिलांकडून किंवा आईकडून.

"म्हणजे तेही माह्याच घरचं," कौसल्याबाई म्हणाल्या आणि उठून हात धुवायला गेल्या.

गुरुजी कोपऱ्यात बसून ऐकत होते.  काही दिवसांनी ते एकटेच लॅबमध्ये आले, दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोर बाही वर केली.

"बाई, माहं रक्त पाहा. दोष निघाला पाहिजे."

इतक्या वर्षांत माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येक माणसाने देवाचं नाव घेतलं ते रिपोर्ट चांगला यावा म्हणून. हा पहिलाच. मी म्हटलं, गुरुजी, नीट विचार करा. तुमचं रक्त चांगलं निघालं तर मग ते बहुतेक त्यांच्याकडूनच आलं असं ठरेल. गोळ्याही त्यांच्या आणि रक्तही त्यांचं. आता निदान शंका तरी आहे. गुरुजींना ते माहीत होतं. ते म्हणाले की चांगलं निघालं तर मी कोणाले सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. पण निघणार नाही. मग त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. पहिली नोकरी लामत्याकडच्या शाळेत, लग्नाआधीची. तिथे मलेरिया झाला, गोळ्या खाल्ल्या, आणि लघवी चहासारखी काळी झाली. अंगातलं बळच गेलं. घरमालकीण म्हणाली कोणीतरी काहीतरी केलं असेल, लिंबू उतरवलं, गोळ्या संपल्या आणि ते बरे झाले. लिंबाचा गुण मानून तो प्रसंग ते विसरूनही गेले होते. डॉक्टरबाई मलेरियाच्या गोळीचं बोलल्या तेव्हा आठवला.

बाळाचीही तपासणी बाकीच होती. अंगात दुसऱ्याचं रक्त आणि नवीन पेशी असताना ती खरी येत नाही, काही महिने थांबावं लागतं. डॉक्टरबाईंनी त्यासाठीचं सामान नागपूरहून मागवलं, आणि ठरवलं की आजोबा-नातवाची एकदमच करू. त्या दिवशी सगळे आले. वंदना बाळाला घेऊन, कौसल्याबाई नेहमीसारख्या दारापाशी, आणि गुरुजींच्या हातात मिठाईचा पुडा. मी हळूच विचारलं की हे काय, आधीच? चांगलं निघालं तर? गुरुजी कुजबुजले, तर नातवाले दात आला म्हणून वाटीन.

ही तपासणी मला फार आवडते. रक्ताचा थेंब औषधात मिसळायचा, थोडा वेळ ठेवायचा, त्यातला ठिपका टीपकागदावर घ्यायचा आणि वाळला की अंधारात जांभळ्या दिव्याखाली बघायचा, बँकेत नोटा बघतात तसला दिवा. मदतनीस असला तर ठिपका निळसर चमकतो, नसला तर काळा राहतो. तुलनेला एक चांगलं रक्त लागतं, म्हणून मी स्वतःचं बोट टोचून घेतलं. गुरुजींना त्याचा फारच आनंद झाला. म्हणाले, बरं झालं, कोणीतरी तुमालेबी टोचलं. मी खिडकीवर ब्लँकेट टांगलं. थांबायच्या वेळात गुरुजी मला त्यांच्या शाळेतल्या एका खट्याळ पोराची गोष्ट सांगत होते, पण ती मध्येच सुटली. ठिपके वाळले तसं मी दिव्याचं बटण दाबलं.

पहिला ठिपका माझा. निळा, लख्ख. दुसरा बाळाचा. काळा. ते अपेक्षितच होतं. मी कागद पुढे सरकवला.

तिसराही काळा. तसाच, नातवाच्या ठिपक्याशेजारी, अगदी त्याच घरातला.

गुरुजींनी दोन वेळा चष्मा पुसून पाहिलं. खात्री करायला मी पुन्हा ठिपका घेऊन दाखवला. मग त्यांनी त्या अंधारात टाळी वाजवली. दार उघडून बायकोला हाक मारली. अवं, इकडं ये. ये लवकर. कौसल्याबाई घाबरून आत आल्या, मागोमाग डॉक्टरबाईही. गुरुजींनी त्यांचा हात धरून त्यांना दिव्याजवळ नेलं.

"हे काळं पाहून राह्यली का? हे लेकराचं. आनं हे माहं. म्या वंदनाले देलं, तिनं याले देलं. तुह्या घरचं नाही. तुही नुसती गोळी. अर्धं तुहं, अर्धं माहं."

कौसल्याबाई किती तरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या.  वंदना दारात बाळाला घेऊन उभी. मग कौसल्याबाईंनी पदराने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे वळल्या.

"आनं जन्मभर मले म्हणत राह्यले, पोरीचं नाक तुह्या माहेरचं, डोकं तुह्या माहेरचं. स्वतःचं काय हाये ते आत्ता सांगून राह्यले का?"

वंदना हसायला लागली, मग डॉक्टरबाई, मग मी. गुरुजी तर मान खाली घालून हसत होते आणि हो हो म्हणत होते, जसा काही त्यांचा सत्कार चालला आहे. मी खिडकीवरचं ब्लँकेट ओढून काढलं, खोलीत ऊन आलं. कौसल्याबाई मुलीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. पदराला हात पुसले, पुढे केले, पुन्हा मागे घेतले. आणि मग म्हणाल्या, आण वं इकडं.

वंदनाने बाळ दिलं. कौसल्याबाईंनी त्याला आधी लांब धरलं, मग जवळ घेतलं, आणि नाक त्याच्या टाळूवर टेकवून डोळे मिटले. बाळाने त्यांच्या गळ्यातली पोत मुठीत धरली. गुरुजी पेढ्यांचा पुडा सोडून सगळ्यांसमोर फिरवत होते, पहिला मला, मग डॉक्टरबाईंना, मग बाहेर बाकावर बसलेल्या अनोळखी पेशंटांना. कुणी विचारलं कशाचे, तर सांगत होते, रिपोर्ट खराब आला नं माझा. शेवटी ते पुडा घेऊन बायकोपुढे आले. तिने पेढ्याकडे बघितलंसुद्धा नाही. टाळूवरचं नाक न काढता तिने मला विचारलं,

"बाई, आता येऊन राह्यला नं याले लेकराचा वास?"

मी जवळ जाऊन वास घेतला. दुधाचा, तेलाचा, थोडा आंबूस.

"हौ," मी म्हटलं.